पडलेल्या झाडाचा हिशेब

चैत्र सरून वैशाख लागला की आकुर्डीत दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि वळीव कोसळतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात कोठे गुलमोहोर मोडतो, तर कोठे रेनट्री मुळासकट आडवा होतो. मग यांत्रिक करवत येते, तुकडे पडतात, ते गाडीत भरले जातात आणि रस्ता मोकळा होतो. मागे उरतो तो एक खड्डा. लाकडावर हक्क कोणाचा आणि त्या खड्ड्याची जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतील. परंतु महाराष्ट्रात त्यांना निदान साडेतीनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे.

प्रारंभीच सांगून टाकतो की, आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचा धंदा कामगार संघटनेचा. जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. त्यामुळे कोणताही जुना कागद हाती आला की त्यात आम्ही आधी एवढेच शोधतो: काम कोणी केले आणि पदरात कोणाच्या पडले? झाडांच्या इतिहासालाही आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत.

आपल्या भागाची नावेच पाहा. निगडी म्हणजे निर्गुडी. पिंपरी, पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, पिंपळे निलख या नावांतून पिंपळाच्या जातीची झाडे डोकावतात. चिंचवडच्या नावात चिंच आणि वड एकत्र नांदतात, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. चाकणच्या बाजूला गेले तर आंबेठाण. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्या लेखी झाड म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. पत्ता सांगायचा तो झाडावरून, पंचायत भरायची ती झाडाखाली आणि चूल पेटायची ती झाडाच्या वाळल्या फांद्यांवर. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा वारकरी आजही प्रथम सावली शोधतात.

आता लाकूड फोडण्याच्या कामाकडे वळू. ज्याने ते कधी केले नाही त्याला ते नुसत्या दांडगाईचे वाटते; पण त्यात पुष्कळ डोके लागते. झाड पडले की पहिल्याने विजेची तार अडकली आहे की काय ते पाहायचे. मग झाड कोणत्या फांद्यांवर रेलले आहे ते पाहायचे; कारण दाबाखाली वाकलेली फांदी तोडताच ती धनुष्यासारखी उसळते आणि माणसाला जायबंदी करते. डहाळ्या आधी, जाड फांद्या नंतर आणि बुंधा सर्वांत शेवटी, असा क्रम असतो. बुंध्याचे ओंडके पाडायचे, ओंडक्याला जेथे मुळात चीर असेल तेथे पाचर बसवायची आणि घणाचे घाव घालायचे. रेषा धरून घाव बसला तर लाकूड सरळ दुभंगते. गाठीवर बसला तर हात झिणझिणतात आणि लाकूड तसेच राहते. एवढे करूनही ते लगेच जळण होत नाही. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते चुलीत घातले तर धूर फार आणि धग थोडी. म्हणून ढलप्या रचून, वारा खेळता ठेवून, महिनोन्‌महिने वाळवाव्या लागतात. बाभळीचे लाकूड धग धरते, म्हणून वखारीत त्याला मान. गुलमोहोराचे हलके, भुरकन जळून जाणारे. ही विद्या शाळेत कोणी शिकवीत नाही. ती लाकूडतोड्यांच्या हातात आणि सरपण वेचणाऱ्या बायांच्या डोक्यात असते.

या लाकडावरचा हक्क आणि झाड राखण्याचे कर्तव्य यांची सांगड आपल्याकडे राज्यकर्त्यांनी फार पूर्वी घातली होती. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आसपासचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळून टाकलीत तर पुढे शिपाई कुणब्यांच्या घरी शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी जळणाचा फाटा, कोणी भाजी. मग कुणबी गाव सोडून जातील आणि तुम्हांला मोगलांहून वाईट समजतील, असा त्याचा भावार्थ आहे. रोख पैसे दिले आहेत, तेव्हा जे हवे ते बाजारातून विकत घ्या, असा हुकूम आहे. दाण्याच्या आणि भाकरीच्या पंक्तीला जळणाचा फाटा बसवला आहे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. कुणब्याच्या परसातले सरपण ही त्याची मिळकत आहे आणि सरकारच्या शिपायालाही ती फुकट उचलता येणार नाही, असे तो हुकूम सांगतो.

दुसरा कागद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. १७१५-१६ च्या सुमारास ते लिहिले गेले. आरमाराच्या प्रकरणात अमात्य लाकडाचा विचार करतात. गलबतांना फळ्या लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी रानातले सागवानादी लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगी आहे. तथापि त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. पुढे एक अपवाद दिला आहे आणि तोच आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती बिलकूल करू नये. गडांच्या प्रकरणातही अमात्य लिहितात की, उपयोगाचे असो वा नसो, जे झाड गडावर होण्यासारखे असेल ते लावावे आणि जतन करावे, म्हणजे निदान प्रसंगी लाकडाला तरी कामास येईल. गडाला वेढा पडला म्हणजे बाहेरून मोळी येत नाही. तेव्हा आज लावलेले झाड पुढच्या पिढीच्या शिबंदीचे सरपण होते. लावणे, राखणे, जीर्ण झाल्यावर मोल देऊन तोडणे आणि जाळणे, या चार गोष्टी त्या कागदात एका साखळीत बांधलेल्या आहेत.

त्या काळी सर्व आबादीआबाद होते, असे आम्ही म्हणत नाही. हुकूम काढावा लागतो तो मोडला जातो म्हणूनच. परंतु चांगले काय याविषयी राज्यकर्त्यांची समजूत कोणती होती, ते या कागदांवरून कळते.

ही साखळी तुटली ती इंग्रजी अमदानीत. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि भोर घाटातला चढ १८६३ साली खुला झाला. आज आकुर्डी स्थानकावरून जो मार्ग जातो तो हाच. मार्ग म्हटला की रूळ आले आणि रुळांखाली त्या काळी लाकडी स्लीपर आले. जहाजांना साग, पुलांना साग, स्लीपरना लाकूड, अशी मागणी वाढत गेली आणि सरकारची नजर रानांवर खिळली. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला. १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी करून रानांवरचा सरकारचा ताबा पक्का केला. मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन ही झाडे सरकारची मानली जात. राखीव रानातली वाळकी फांदी विनापरवाना उचलणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे झाड आपल्या मरणाने मेले, फांदी वाऱ्याने पडली, तरी ती उचलणारी बाई चोर!

महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या जंगलखात्यावर कडक प्रहार केले आहेत. डोंगर, कुरणे, गायराने सरकारने घशात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, १८८५ साली सरकारला जंगलविषयक आयोग नेमावा लागला.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले असे नाही. इंग्लंडात १२१७ साली राजाकडून वनांची सनद मिळवून लोकांनी सरपणासारखे आपले हक्क लिहून घेतले होते. जर्मनीत ऱ्हाइन प्रांताच्या सभेने पडलेले लाकूड वेचणे चोरीत धरायचे ठरवले, तेव्हा कार्ल मार्क्स या तरुण पत्रकाराने १८४२ साली त्यावर लेखमाला लिहिली. उभे झाड तोडणे वेगळे आणि झाडाने स्वतः टाकलेली काटकी उचलणे वेगळे, दोहोंना एकच नाव कसे देता, असा त्याचा रोख होता. पुढे त्याने ग्रंथ लिहिले ते अर्थशास्त्रावर. परंतु गरिबांच्या पोटापाण्याच्या प्रश्नाकडे त्याचे लक्ष ओढणाऱ्या पहिल्या गोष्टींत काटक्यांची ही मोळी होती, हे आम्हां कामगारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली. समुद्र ज्यांच्यापासून लांब होता त्या महाराष्ट्रातल्या गावांनी मिठाच्या जागी जंगल घेतले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलातले गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. पुढे १९४५-४६ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारली बंधूंनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या व जंगलतोडीच्या मजुरीसाठी लढा दिला. या लढ्यामुळे प्रश्नाला नवी बाजू आली. लाकूड कोणाचे, एवढेच विचारून वारली थांबले नाहीत. लाकूड तोडणाऱ्या हाताचे मोल किती, हेही त्यांनी विचारले.

स्वातंत्र्यानंतर झाड लावणे हे राष्ट्रकार्य झाले. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९६४ साली महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आला आणि ठरावीक जातींची झाडे स्वतःच्या शेतातही विनापरवाना तोडता येईनात. याच काळात आपला पट्टा बदलत होता. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, माळरानावर एकामागून एक कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. गावोगावचे लोक येथे येऊन राहिले. त्यांच्या खोल्यांतून आधी चूल, मग भुशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टो आणि शेवटी गॅस आला. यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून यायची त्यांची फळकुटे कित्येकांच्या बंबाखाली जळली. सरपणाची गरज शहरात कमी झाली, तशी पडलेल्या झाडाची किंमतही लोकांच्या मनातून उतरली.

१९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात तोडीला परवानगी लागते आणि तोडणाऱ्यावर बदली झाडे लावण्याचे बंधन येते. वाऱ्याने, विजेने, आगीने वा अतिवृष्टीने झाड पडले, तरी त्या जागी वा योग्य जागी दुसरे झाड लावायला मालकाला वा भोगवटादाराला सांगण्याची सोय या कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचा नियम घातला. म्हणजे अमात्यांची तुटलेली साखळी कायद्याने कागदावर पुन्हा जोडली. मग अडते कोठे?

ते आम्ही एका कारखान्यात पाहिले. फाटकाशी एक मोठा रेनट्री होता. रेनट्री मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. भराभर वाढतो, छत्रीसारखा पसरतो. आमच्या कितीतरी द्वारसभा त्याच्या सावलीत झाल्या. पुढे बुंध्यापर्यंत काँक्रीट आले, तारांसाठी चर खणताना एका अंगाची मुळे तुटली आणि एका वळवात झाड कोसळले. लाकडाला लगेच चार वारस उभे राहिले. भंगाराचा ठेकेदार म्हणाला, आवारातला सर्व टाकाऊ माल आमचा. उपाहारगृहवाला म्हणाला, भट्टीला द्या. बाग राखणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाया काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या वस्तीत अजून चूल होती. बरीच खडाखडी होऊन लाकूड अखेर त्यांना मिळाले. एका रविवारी आम्ही सर्वांनी मिळून ते फोडले.

लाकडाला चार वारस होते. खड्ड्याला मात्र एकही नव्हता. पर्यावरणदिनी पाहुणे आले, रोप लागले, छायाचित्र निघाले. दिवाळीनंतर रोप वाळले. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहुणे, पुन्हा रोप. तेही मार्चमध्ये गेले. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. माळ्याच्या कामाच्या यादीत हिरवळ होती, कुंड्या होत्या. हे रोप नव्हते. पाणी घालायचे तर बाईने पाळी सुटल्यावर, घरी जायची गाडी चुकवून घालायचे. तेव्हा संघटनेने वाटाघाटीत एक लहानसे कलम घातले: फाटकावरच्या रोपाला आठवड्यातून दोनदा पाणी, आळे आणि कुंपण, हे काम कामाच्या तासांत आणि ठरलेल्या माणसाच्या नावावर. व्यवस्थापनातले गृहस्थ हसले, ‘झाडासाठीही मागणीपत्रक?’ असे म्हणाले. परंतु कलम राहिले. तिसऱ्या खेपेला लावलेला कडुनिंब तीन उन्हाळे निभावून गेला. त्यानंतर त्याला कोणाची गरज उरली नाही.

या अनुभवाच्या उजेडात मोठे आकडे पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. महाराष्ट्र शासनाने वृक्षलागवडीची लक्ष्ये ठेवली: २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. पुढे त्या लागवडीच्या चौकशीसाठी २०२१ साली विधिमंडळाची समिती नेमली गेली. चौकशीची वेळ येते, कारण आपण मोजतो ते खड्डे आणि रोपे. मोजायला हवीत ती तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी असलेली झाडे. असे मोजणे शक्य आहे, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला ज्या कल्पनेचा प्रयोग केला, तिची पुढे रोजगार हमी योजना झाली. १९९० पासून त्या योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागून मिळते: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. शेतकऱ्याला जी अट घालता, ती शहरात झाड तोडणाऱ्या बांधकामवाल्याला आणि रस्त्याच्या ठेकेदाराला घालायला काय हरकत आहे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. झाडे आपल्याकडेही पडली. पण श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांची जी दशा झाली, ती पाहवत नव्हती. तेथे पडलेले झाड तोडून बाजूला करण्याची मजुरीच लाकडाच्या किमतीहून जड झाली. आजोबाने लावलेली पोफळ नातवाने कापली आणि त्या जागी लावलेल्या रोपाचे उत्पन्न यायला आणखी कित्येक वर्षे थांबायचे. झाड लावणे म्हणजे पगार उशिरा मिळणारी मजुरी आहे, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. शहरवासीयांना मात्र ते पुन्हा शिकावे लागणार आहे.

एवंच, आमचे मागणे तीन कलमांत मावते. पडलेल्या झाडाचे लाकूड आधी त्याला मिळावे, ज्याची चूल वा बंब अजून त्यावर चालतो. उरलेले विकावे आणि ते पैसे त्याच खड्ड्यासाठी राखून ठेवावेत. खड्ड्यात येथल्या मातीला मानवणारे झाड लागावे: कडुनिंब, करंज, चिंच, वड, जागा पाहून जे शोभेल ते, आणि बुंध्याभोवती माती मोकळी राहावी. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, तीन उन्हाळ्यांचे पाणी कोण घालणार त्याचे नाव आणि त्याची मजुरी, झाड तोडण्याच्या खर्चाच्याच कागदावर त्याच दिवशी लिहिली जावी.

यंदाचा वळीव आता फार दूर नाही. आपल्या गल्लीत, सोसायटीत वा कारखान्यात झाड पडले आणि करवतीची गाडी आली, तर गाडीबरोबर आलेल्या माणसाला पाणी द्या. त्याचे काम अवघड आणि जोखमीचे आहे. मग त्याच्या वरिष्ठांना नम्रपणे विचारा की, या जागी पुढचे झाड कधी लागणार आणि त्याला पाणी कोण घालणार. उत्तर मिळाले तर ते लिहून घ्या. न मिळाले, तर दहा घरांच्या सह्यांचा अर्ज करून पुन्हा विचारा.